विश्लेषण : दमट हवेत जिप्समची भिंत टिकते का? भरवशाचा कंत्राटदार कसा निवडावा?

मुंबईत मोसमी पाऊस दाखल होण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून. २०२५ मध्ये तो २६ मे रोजीच आला आणि गेल्या ७५ वर्षांतील सर्वात लवकरचे आगमन अशी त्याची नोंद झाली. घराचे काम मार्च-एप्रिलमध्ये काढायचे आणि पावसाच्या आत उरकायचे, हा मुंबई, कोकण आणि गोव्यातील वर्षानुवर्षांचा हिशोब त्यामुळे अनेकांचा चुकला. अर्धवट सांधे, न वाळलेली पुट्टी, उघड्यावर ठेवलेले बोर्ड अशा अवस्थेत पाऊस गाठतो तेव्हा सर्वाधिक फटका बसतो तो जिप्सम बोर्डाच्या कामाला. विटांच्या भिंतीऐवजी हलकी ‘ड्रायवॉल’ उभारण्याकडे कल वाढत असताना हे काम करणाऱ्याला कोणताही परवाना लागत नाही आणि त्याची चूक बहुतेक वेळा वर्षभराने, पुढच्या पावसाळ्यात दिसते. तोवर पैसे देऊन झालेले असतात. मग कंत्राटदाराचा भरवसा नेमका कशावरून धरायचा?

ड्रायवॉल म्हणजे काय? तिला मागणी का?

जिप्समचा थर दोन बाजूंनी जाड कागदात बंद केला की जिप्सम बोर्ड तयार होतो. आपल्याकडे तो साधारण १२.५ मिलिमीटर जाडीचा आणि चार फूट रुंदीचा मिळतो. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याच्या पट्ट्यांचा सांगाडा जमिनीपासून छतापर्यंत उभा करायचा, त्यात वायरिंग व पाइप घालायचे, दोन्ही बाजूंनी बोर्ड स्क्रूने बसवायचे, सांध्यांवर कागदी टेप आणि जॉइंटिंग कंपाऊंड लावून रंग द्यायचा, ही झाली ड्रायवॉल. वीट, वाळू, सिमेंट नाही आणि पाणी मारणेही नाही, म्हणून ती ‘ड्राय’. फॉल्स सीलिंगचे कामही बहुतांशी याच साहित्यातून आणि याच कारागिरांकडून होते.

मागणीचे मुख्य कारण वजन. दोन्ही बाजूंनी प्लास्टर केलेल्या साडेचार इंची विटांच्या भिंतीचे वजन दर चौरस मीटरला अडीचशे किलोच्या आसपास भरते. एकेरी बोर्डाची ड्रायवॉल तेवढ्याच जागेत २० ते २५ किलोत उभी राहते. दहाव्या मजल्यावरील हॉलमध्ये एक खोली वाढवायची असेल, तर इमारतीवरील भाराचा हा फरक मोठा आहे. वेळ वाचतो, राडारोडा कमी होतो आणि भिंत पुढे काढायची झाल्यास फोडाफोड होत नाही. आगीतही जिप्समचा उपयोग होतो. त्याच्या वजनात सुमारे २१ टक्के पाणी स्फटिकांत बांधलेले असते. ते वाफ होऊन निघून जाईपर्यंत आग पलीकडे पोहोचायला वेळ लागतो.

दमट हवेत ती बिघडते कशी?

जिप्समवरचा कागद आणि बोर्डातील स्टार्च हे बुरशीचे खाद्य आहे. बुरशीचे बीज हवेत सर्वत्र असते. रुजायला त्याला फक्त ओलावा हवा. पृष्ठभागालगतची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिली की ते रुजते. जुलै-ऑगस्टमध्ये किनारपट्टीवर बाहेरच्या हवेची आर्द्रता कित्येक दिवस याच पातळीवर असते. पण केवळ हवेतील दमटपणामुळे भिंत सहसा खराब होत नाही. ती खराब होते दमट हवेच्या जोडीला पाण्याचा एखादा स्रोत असेल तेव्हा.

असे स्रोत प्रामुख्याने चार. पहिला, बाहेरच्या भिंतीतून झिरपणारे पावसाचे पाणी. दुसरा, वरच्या किंवा शेजारच्या बाथरूमची गळती. तिसरा, फरशी धुताना खालून चढणारी ओल. बोर्ड फरशीला टेकवला असेल तर तो टीपकागदासारखे पाणी वर ओढतो. चौथा स्रोत सहज लक्षात येत नाही, तो म्हणजे वातानुकूलन. बाहेर ३२ अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल, तर जवळपास २८ अंशांखालच्या कोणत्याही पृष्ठभागावर दव जमते. भिंतीच्या पोकळीतून गेलेल्या एसीच्या तांब्याच्या नळीवरचे आवरण एका जागी जरी फाटले असेल, तरी तिथे पावसाळाभर थेंब साचत राहतात. बाहेरून काही दिसत नाही. दिसते तेव्हा रंगाला पोपडे आलेले असतात, बोर्ड मऊ पडलेला असतो आणि स्क्रूच्या डोक्यांभोवती गंजाचे तपकिरी ठिपके उमटलेले असतात.

विटांच्या भिंतीला ओल आली तर ती खरवडून, वाळवून पुन्हा रंगवता येते. भिजून मऊ पडलेला किंवा आतून बुरशी धरलेला बोर्ड मात्र कापून बदलावाच लागतो. म्हणून ड्रायवॉलचे काम देताना ‘भिंत कोण बांधणार’ याआधी ‘पाणी कुठून येऊ शकते’ हा प्रश्न येतो. चांगला कंत्राटदार तोच प्रश्न आधी विचारतो.

‘ग्रीन बोर्ड’ लावला की निर्धास्त?

नाही. हिरव्या कागदाचा बोर्ड ओलावारोधक असतो, जलरोधक नव्हे. युरोपीय मानकानुसार या प्रकारातील सर्वोत्तम ‘एच-१’ वर्गाच्या बोर्डाने दोन तास पाण्यात बुडवल्यावर वजनाच्या पाच टक्क्यांपेक्षा अधिक पाणी शोषता कामा नये. म्हणजे तो पाणी कमी शोषतो, पण शोषतो. बाथरूमलगतची कोरडी बाजू, स्वयंपाकघर, बाहेरच्या भिंतीजवळचे पार्टिशन अशा ठिकाणी तो योग्य. शॉवरखाली, टाइलच्या मागे तो लावणे चूक. तिथे सिमेंट बोर्ड आणि त्यावर वॉटरप्रूफिंग हवे. गुलाबी बोर्ड आगीला अधिक काळ तोंड देण्यासाठी असतो, ओलाव्यासाठी नव्हे. अनेक ठिकाणी ‘भारीतला बोर्ड’ म्हणून कोणताही रंग कुठेही लावला जातो.

काही ठिकाणी तर जिप्समचा विचारच करू नये. जिथून गळती होते आहे ती भिंत झाकण्यासाठी पुढे बोर्ड लावणे हा त्यातला सर्वात प्रचलित प्रकार. ओल झाकली जाते, थांबत नाही. उलट बंद पोकळीत बुरशीला मोकळे रान मिळते. जुलै २०२१च्या महापुरात चिपळूण, महाडमध्ये तळमजल्यांवर जसे पाणी शिरले, तसे जिथे शिरू शकते तिथे पूररेषेखाली जिप्सम बोर्ड म्हणजे पुढच्या पुराआधीच लिहून ठेवलेला खर्च. असे काम नको म्हणून सांगणारा कंत्राटदार स्वतःचे नुकसान करून घेत असतो. भरवशाची ती पहिली खूण मानायला हरकत नाही.

या कामाला परवाना लागतो का?

महाराष्ट्रात विद्युतकामाच्या ठेकेदाराला परवाना घ्यावा लागतो. ड्रायवॉल किंवा फॉल्स सीलिंगच्या कंत्राटदाराला असा कोणताही परवाना नाही. त्याच्याकडे असलेल्या कागदांचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. गुमास्ता नोंदणी म्हणजे व्यवसाय अस्तित्वात आहे, एवढेच. उद्यम नोंदणी स्वयंघोषणेवर मिळते. जीएसटी क्रमांक म्हणजे करखात्याकडे नोंद आहे. यातील एकही कागद कामाच्या दर्जाची हमी देत नाही.

तरीही जीएसटी क्रमांक विचारावा. १५ अक्षरांच्या या क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्य सांगतात. महाराष्ट्राचे २७, गोव्याचे ३०. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो टाकला की व्यवसायाचे नोंदणीकृत नाव, नोंदणीची तारीख आणि ती चालू आहे की रद्द झाली, हे मिनिटभरात कळते. ‘पंधरा वर्षे याच धंद्यात’ म्हणणाऱ्याची नोंदणी गेल्या वर्षीची असेल, तर कारण विचारता येते. सेवा व्यवसायात वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असेल तर नोंदणी बंधनकारक नाही. त्यामुळे क्रमांक नसलेला प्रत्येक जण अप्रामाणिक ठरत नाही. पण मग त्याला बिलात जीएसटी लावताही येत नाही.

परवाना असता तर प्रश्न सुटला असता का?

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात ड्रायवॉलच्या कंत्राटदारांसाठी ‘सी-९’ नावाचा स्वतंत्र परवाना आहे. परवान्यामुळे दाद मागायला एक दार मिळते, हे खरे. पण साहित्यातच खोट असेल, तर परवानाधारकही हतबल ठरतो. २००४-०५ मधील चक्रीवादळांनंतर आणि बांधकामांच्या तेजीत तिथे बोर्डाचा तुटवडा पडला व चीनमधून मोठी आयात झाली. फ्लोरिडा, लुइझियाना अशा उष्ण-दमट राज्यांतील घरांत त्यातील काही बोर्डांतून गंधकयुक्त वायू बाहेर पडू लागले. एसीची कॉइल आणि विजेच्या तारांचे तांबे काळे पडले, घरांत कुजक्या अंड्यांसारखा वास येऊ लागला. तेथील ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाकडे सुमारे चार हजार तक्रारी आल्या. अनेक घरे आतून सांगाड्यापर्यंत सोलून पुन्हा बांधावी लागली. त्यानंतर अमेरिकेने कायदा करून प्रत्येक बोर्डावर उत्पादकाचे नाव आणि निर्मितीचा महिना-वर्ष छापणे सक्तीचे केले.

आपल्यासाठी यातला धडा साधा आहे. बोर्डाच्या मागची छपाई भिंत बंद होण्यापूर्वी पाहावी आणि तिचा फोटो काढून ठेवावा. भारतात जिप्सम बोर्डासाठी ‘आयएस २०९५’ हे मानक आहे. बोर्डावर आयएसआय चिन्ह असेल तर सोबतचा परवाना क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकून तपासता येतो. दुकानदाराचे पक्के बिल आणि बोर्डावरची छपाई जुळली पाहिजे. ‘कंपनीचाच माल आहे’ हे तोंडी आश्वासन पुढे कामाला येत नाही.

काम घेणारा एक, करणारा दुसरा?

या धंद्यातील खरी मेख इथे आहे. ग्राहकाशी बोलतो तो कंत्राटदार. तो काम चौरस फुटाच्या लेबर दराने कारागिरांच्या टोळीला देतो. टोळीला जितके चौरस फूट तितके पैसे, म्हणजे वेगाला बक्षीस. दोन स्क्रूमधले अंतर वाढवले, सांगाड्याच्या पट्ट्या लांब-लांब लावल्या, कंपाऊंडचा एक हात वाचवला, तर काम लवकर संपते आणि भिंत त्या दिवशी अगदी सरळ, गुळगुळीत दिसते. कारागीर कामचुकार असतो म्हणून हे घडत नाही. दरच तसा बांधलेला असतो.

त्यामुळे कंत्राटदाराला तीन प्रश्न विचारावेत. साइटवर प्रत्यक्ष कोण काम करणार? दररोज तपासणी कोण करणार? आणि याच टोळीने केलेले, किमान एक पावसाळा पाहिलेले काम कुठे बघायला मिळेल? बहुतेक जण मोबाइलवर नुकत्याच पूर्ण झालेल्या घरांचे फोटो दाखवतात. रंग ओला असताना सर्वच भिंती चांगल्या दिसतात. दोन वर्षांपूर्वीच्या कामाचा पत्ता देणारा आणि तिथल्या मालकाशी बोलणे करून देणारा कंत्राटदार पुष्कळ काही सिद्ध करतो. तिथे गेल्यावर चार गोष्टी पाहाव्यात. सांध्यांवर सरळ रेषेत भेग आहे का, भिंतीचा खालचा सहा इंच भाग फुगला आहे का, एसीच्या खाली डाग आहे का आणि बोटाने ठोकल्यावर कुठे मऊ लागते का.

पहिल्या भेटीत काय कळते?

भरवशाचा माणूस टेप काढण्याआधी भिंतींना हात लावतो. बाहेरची भिंत कोणत्या दिशेला आहे, पश्चिमेचा पाऊस थेट बसतो का, वर बाथरूम आहे का, एसीचे पाणी कुठे सोडले आहे, असे तो विचारतो. ओलावा मोजण्याचे छोटे यंत्र त्याच्याकडे असेल तर उत्तमच. घरातील हमखास कोरड्या भिंतीवरचा आकडा आणि संशयित जागेचा आकडा यांची तुलना पुरेशी बोलकी असते. फोनवरच ‘अमुक रुपये स्क्वेअर फूट, तीन दिवसांत देतो’ म्हणणाऱ्याने जागाच पाहिलेली नसते.

गळती आढळली तर तिची दुरुस्ती आधी. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीतून होणारी गळती आणि बाहेरील भिंतींची दुरुस्ती संस्थेच्या खर्चाने करायची असते. फ्लॅटमधील अंतर्गत दुरुस्ती सदस्याने करायची असते. त्यामुळे कंत्राटदाराने दाखवलेली गळती सोसायटीला लेखी कळवावी. नवे पार्टिशन घालण्यासाठी सोसायटीची लेखी परवानगी, अनामत रक्कम, कामाच्या वेळा आणि राडारोड्याची विल्हेवाट हे विषयही याच टप्प्यावर मिटवलेले बरे.

कोटेशनमध्ये काय लिहिलेले असावे?

तीन कोटेशन घेतली आणि सर्वात स्वस्त निवडले, तर बहुधा तीन वेगवेगळ्या भिंतींची तुलना झालेली असते. दराआधी तपशील सारखे करून घ्यावेत. बोर्डाचा उत्पादक, प्रकार आणि जाडी. सांगाड्याच्या पत्र्याची जाडी आणि जस्ताच्या मुलाम्याचे प्रमाण. दोन उभ्या पट्ट्यांतील अंतर, जे साधारण ६०० मिलिमीटर असते. स्क्रू गंजरोधक आहेत का आणि किती अंतरावर. कंपाऊंडचे किती हात. प्राइमर धरला आहे का. हे सारे कागदावर हवे. खारी हवा असलेल्या किनारी गावांत मुलाम्याचा मुद्दा सर्वात महत्त्वाचा. बोर्ड टिकला तरी आतला पत्रा गंजला, तर भिंत उभी राहण्यात अर्थ नसतो.

मोजमापाची पद्धतही लिहून घ्यावी. पार्टिशनचे क्षेत्रफळ एका बाजूने मोजणार की दोन्ही बाजूंनी? दरवाजाची जागा वजा होणार का? टीव्ही किंवा कपाट टांगण्यासाठी आत लाकडी वा धातूचा आधार द्यावा लागतो. तो दरात आहे की वेगळा? निम्मे वाद इथून सुरू होतात. नोंदणीकृत कंत्राटदाराच्या अशा कामावर १८ टक्के जीएसटी लागतो. तो वाचवायला ‘कच्च्या बिलावर करू’ ही सूचना हमखास येते. त्या १८ टक्क्यांत ग्राहक आपला एकमेव पुरावा विकत असतो.

बोर्ड बंद होण्यापूर्वी काय पाहावे?

ड्रायवॉलमध्ये सर्व महत्त्वाच्या गोष्टी आत असतात. त्यामुळे एका बाजूचे बोर्ड लागल्यावर आणि दुसरी बाजू बंद होण्यापूर्वी काम थांबवून पाहणी करायची, अशी अट आधीच घालावी. पाइपमधून पाणी सोडून किमान एक दिवस गळती तपासावी. एसीच्या नळीवरचे आवरण सलग आहे का आणि पाण्याचा पाइप उताराला आहे का, हे पाहावे. भिंतीच्या आतील पाइप-वायरींचे फोटो मोजपट्टीसह काढून ठेवावेत. पुढे खिळा ठोकताना हेच फोटो उपयोगी पडतात.

बोर्डाची खालची कड फरशीपासून साधारण १० मिलिमीटर वर हवी. ती फट सीलंटने भरून स्कर्टिंगने झाकतात. स्क्रूचे डोके कागद न फाडता किंचित आत बसलेले असावे. भिंतीवर दोन स्क्रूंमधले अंतर साधारण ३०० मिलिमीटर, कडांना त्याहून कमी असते. दोन्ही बाजूंचे सांधे एकमेकांसमोर येऊ नयेत. साइटवर बोर्ड आडवे, सपाट, जमिनीपासून वर लाकडी ठोकळ्यांवर आणि प्लास्टिकने झाकून ठेवलेले असावेत. बाल्कनीत भिंतीला टेकवून ठेवलेले बोर्ड वाकतात आणि दमट हवेत ओलावा धरतात. साहित्य उतरवण्याची ही एक पद्धत पाहूनही माणूस ओळखता येतो.

पावसाळ्यात काम करूच नये का?

करता येते, पण वेळेचा हिशोब वेगळा असतो. तयार मिळणारे जॉइंटिंग कंपाऊंड पाणी उडून वाळते. कोरड्या दिवसांत एका हाताला जिथे २४ तास पुरतात, तिथे जुलैत त्याहून कितीतरी अधिक वेळ लागू शकतो. पावडरीत पाणी मिसळून केलेले, रासायनिक क्रियेने घट्ट होणारे कंपाऊंड दमट हवेत अधिक सोयीचे. कोणतेही वापरले तरी आधीचा हात पूर्ण वाळण्यापूर्वी दुसरा चढवला आणि वर रंग मारला, की पाणी आत अडकते. चार-सहा महिन्यांनी सांध्यांवर भेगा किंवा फुगवटे दिसतात ते याचमुळे. नव्या सिमेंट प्लास्टरची ओल गेल्याशिवाय त्याला लागून बोर्ड लावणेही टाळावे.

पावसाळ्यात काम करणाऱ्या कंत्राटदाराने खिडक्या बंद करून एसीचा ‘ड्राय मोड’ किंवा ओलावा शोषणारे यंत्र चालवण्याची, पंखे लावण्याची तयारी दाखवावी. त्यासाठी दोन-चार दिवस जास्त मागितले, तर तो वेळकाढूपणा नव्हे. उलट ऐन पावसात उन्हाळ्याइतक्याच दिवसांत काम संपवण्याचे वचन देणाऱ्याबाबत सावध राहावे. आणि काम सुरू असताना बोर्ड भिजलेच, तर ‘वाळले की होईल ठीक’ हे उत्तर स्वीकारू नये. ओले साहित्य २४ ते ४८ तासांत पूर्ण वाळले नाही, तर बुरशीचा धोका गृहीत धरला जातो.

पैसे कसे द्यावेत?

‘पन्नास टक्के आगाऊ, चाळीस काम सुरू असताना, दहा शेवटी’ हा बाजारातील प्रचलित नमुना. त्यात काम संपता संपता ग्राहकाच्या हातात काहीच उरत नाही. त्याऐवजी रक्कम टप्प्यांना बांधावी. साहित्य साइटवर उतरल्यावर आणि बिल दाखवल्यावर त्याचे पैसे, सांगाडा तपासल्यावर एक हप्ता, बोर्ड बंद झाल्यावर दुसरा, रंगानंतर तिसरा. पाच ते दहा टक्के रक्कम मात्र एक पूर्ण पावसाळा उलटल्यावर, म्हणजे ऑक्टोबरमध्ये, देण्याची अट लिहून घ्यावी. मोठ्या बांधकामांत अशी रक्कम रोखून ठेवण्याची रूढ पद्धत आहे. घरच्या कामात ती क्वचित वापरली जाते.

ही अट दोन्ही बाजूंना न्याय्य ठरण्यासाठी हमीची भाषा स्पष्ट हवी. सांधे, स्क्रू, सांगाडा, रंगाचे पोपडे याची जबाबदारी कंत्राटदाराची; वरच्या मजल्याच्या गळतीने किंवा नंतर फुटलेल्या पाइपने झालेले नुकसान त्याच्यावर टाकता येणार नाही. छोट्या कंत्राटदाराला दहा टक्के अडकणे जड जाते, हेही खरे. कारागिरांची मजुरी त्याला रोख द्यावी लागते. टक्केवारी कमी करून किंवा दर थोडा वाढवून देऊन यावर मार्ग काढता येतो. पण पावसाळ्यानंतर परत येण्याची अट मुळातच नाकारणारा माणूस आपल्या कामाविषयी काय मानतो, हे त्या नकारातच कळते.

बिघाड झाला तर दाद कुठे मागायची?

भिंत बिल्डरने बांधून दिलेली असेल तर ‘रेरा’ कायद्याचे कलम १४(३) उपयोगी पडते. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातील, कारागिरीतील वा दर्जातील दोष निदर्शनास आणून दिल्यास बिल्डरने तो ३० दिवसांत विनाशुल्क दूर करायचा असतो. न केल्यास ‘महारेरा’कडे तक्रार करता येते. मात्र ताब्यानंतर ग्राहकाने स्वतःच्या कंत्राटदाराकडून केलेले काम यात येत नाही. शिवाय अशा कामात मूळ भिंतींना धक्का लावला असेल, तर पुढे दोष कोणाचा यावर बिल्डर बोट ठेवतो. म्हणून कामाआधीचे फोटोही हवेत.

खासगी कंत्राटदाराविरुद्ध मार्ग आहे तो ग्राहक संरक्षण कायदा, २०१९चा. सदोष काम ही ‘सेवेतील त्रुटी’ ठरते. मोबदला ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. पाच लाखांपर्यंतच्या दाव्यांना शुल्क नाही. तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगात तक्रार करण्याची मुभा आहे, ‘ई-जागृती’ पोर्टलवरून ती ऑनलाइनही दाखल होते. मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर प्रयत्न करता येतो. मात्र या प्रत्येक दारात पहिला प्रश्न कागदाचाच असतो. सही केलेले कोटेशन, बँकेतून दिलेले पैसे, पक्के बिल, तारखेचे फोटो आणि दोष कळवल्याचा संदेश नसेल, तर खरी तक्रारही सिद्ध करणे अवघड होते.

पावसाचे वेळापत्रक बदलते आहे आणि हलक्या भिंतींचा वापर वाढतो आहे. या कामासाठी कौशल्याची नोंदणी किंवा परवाना येत नाही, तोवर तपासणीचा भार ग्राहकावरच राहणार. त्याच्या हातात साधने तीनच आहेत : पावसाळा पाहिलेले जुने काम, बोर्ड बंद होण्यापूर्वीची पाहणी आणि ऑक्टोबरपर्यंत राखून ठेवलेला शेवटचा हप्ता.